आजीचे बटण

विजेचे बटण ही तशी क्षुल्लक वस्तू. पाहुणा ते दाबतो, घरात घंटी वाजते. घंटी साऱ्यांना ऐकू येते, बटणाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. भिंतीवरचे दिव्याचे बटण एकदा दाबले की तसेच राहते. घंटीच्या बटणाचा स्वभाव निराळा. बोट असेल तोवरच त्याचे काम. बोट सुटले की त्याने आपल्या जागी परत यावयाचे. हे परत येणे किती अवघड असते, हे सातवीतल्या एका मुलाला एका पावसाळ्यात कळले.

त्याच्या आजीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि आवाज इतका क्षीण झाला होता, की माजघरातून तिने मारलेली हाक ओटीवर निजलेल्यांना ऐकू जात नसे. कौलांवर पावसाचा मारा सुरू झाला म्हणजे तर बोलणेच खुंटले. आपल्यासाठी कोणी जागत बसावे, हे तिला मानवत नसे. तिच्या हाताशी बटण असावे आणि ओटीवर घंटी वाजावी, असे मुलाच्या मनाने घेतले. दुकानातून आणलेले बटण फार ताठ निघाले. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना ते दाबवेना.

तेव्हा त्याने स्वतःच बटण करावयाचे ठरविले. वडिलांनी एकच अट घातली : घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावावयाचा नाही. दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडून तीन व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर छोटी घंटी वाजते. घंटीआधी त्याने विजेरीचा दिवा लावून पाहिला. एका फळीवर स्क्रू बसवला, त्याच्यावर अधांतरी राहील अशी डब्याच्या पत्र्याची पट्टी ठोकली आणि दोहोंना तारा जोडल्या. पट्टी दाबली, ती स्क्रूला टेकली, तरी दिवा लागला नाही! पत्र्यावर रंगाचा पातळ थर होता, आणि रंगातून वीज जात नाही. काचकागदाने तो घासताच दिवा लागला.

आनंद एका रात्रीपुरता टिकला. पत्रा मऊ; वारंवार दाबून तो वाकला आणि स्क्रूला टेकलेलाच राहिला. सकाळी दिवा काजव्यासारखा मिणमिणत होता, सेल संपत आले होते. जोडणे साधले होते, तोडणे साधले नव्हते. मोर्सने १८४४ साली वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश धाडला, तेव्हा त्यालाही प्रवाह जोडणे आणि तोडणे, दोन्ही लागले. प्रवाह तुटलाच नाही, तर एका खुणेपासून दुसरी ओळखावी कशी?

मुलगा वाकलेली पट्टी घेऊन आजीच्या अंथरुणाशी बसला. “आजी, ही वर येतच नाही गं,” तो म्हणाला. ती काही बोलली नाही. तिने डावा हात पुढे केला आणि मनगटाकडे पाहिले. बांगडीत एक सेफ्टी पिन अडकवलेली होती.

पिनेची तार पोलादी. वाकवली तरी उसळून वर येणारी. त्याने पक्कडीने तिचे टोक मोडले, वेटोळ्यातून स्क्रू घालून ती फळीवर बसवली आणि मोकळ्या दांड्याला वडिलांच्या जुन्या कोटाचे मोठे बटण दोऱ्याने घट्ट बांधले. अशा रीतीने बटणाला खरोखरीचे बटण लागले! आजीने ते दाबले. ओटीवर घंटी वाजली. तिने बोट उचलले आणि घंटी थांबली. मग तिने ते उगाचच आणखी चारदा दाबले.

त्या रात्री दोनच्या सुमारास घंटी वाजली, अगदी क्षणभर, भीत भीत वाजावी तशी. वडील कंदील घेऊन आत गेले.

“आई, काय हवंय?”

“पाणी,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “रोज याच वेळेला घसा सुकतो.”

मुलगा पांघरुणात जागाच होता. तिच्या दुखण्याला तीन महिने झाले होते. सकाळी उठल्याबरोबर त्याने दुकानातून नवे सेल आणून घंटीत घातले. वास्तविक आदल्या दिवशीच्या सेलांत अजून पुष्कळ जीव होता.