आधी पाणी बघा, मग तिकीट काढा

लक्षद्वीपचा बेत ठरला की मराठी घरात पहिली चौकशी होते विमानभाड्याची आणि दुसरी जेवणाची. पाण्यात उतरून काय बघायचं आणि कसं, ते तिथे गेल्यावर कळेलच असं सगळे धरून चालतात. प्रवाळांच्या अभ्यासासाठी या बेटांवर माझं येणंजाणं असतं, त्यामुळे पुढचं दृश्य ओळखीचं आहे. भरपूर खर्च करून आलेले गृहस्थ गळक्या मास्कशी झुंजत नाकातोंडात खारं पाणी घेतात आणि ‘खाली काही विशेष नव्हतं’ असं सांगत बोटीत चढतात. विशेष सगळं तिथेच, दोन हातांवर असतं.

भारतात प्रवाळभित्ती मुख्यतः चार ठिकाणी आहेत: कच्छचं आखात, मन्नारचं आखात, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप. कच्छचं पाणी गढूळ असलं, तरी ओहोटीला नराऱ्याच्या खडकावरून चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात. आपल्या मालवणलाही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, पण विखुरलेले. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी आंग्रिया बँक विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे. मात्र तिचा माथाच वीसेक मीटर खोल पाण्यात असल्याने नळी तोंडात धरून तरंगणाऱ्याला तिचा उपयोग नाही. नवशिक्याला उजवं ठरतं ते लक्षद्वीपच.

त्याचं कारण या बेटांच्या घडणीत आहे. बुडत गेलेल्या जुन्या डोंगरांच्या माथ्याभोवती प्रवाळ वर वर वाढत राहिले आणि कड्यासारख्या गोल भित्ती तयार झाल्या. अशा भित्ती कशा बनतात याचं स्पष्टीकरण डार्विनने १८४२ सालच्या पुस्तकात मांडलं होतं. कड्याच्या आत उथळ, शांत लगून आणि बाहेर एकदम खोल समुद्र. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांना पश्चिमेकडे असं लगून आहे. आंद्रोत मात्र त्याला अपवाद. म्हणून बेट निवडताना खोलीतल्या सोयींच्या आधी लगूनची चौकशी करावी. कदमत, कवरत्ती, बंगारम इथे पुरुषभर पाण्यात, लाटांचा मार न खाता पहिला धडा गिरवता येतो. भित्तीच्या बाहेरच्या उताराला जायचं ते त्यानंतर, आणि माहीतगाराबरोबरच.

आता महिना. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पावसाळी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा प्रश्नच मिटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसाच्या सरी येतात. डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत भरवशाचा. मुलांच्या सुट्टीमुळे आपल्याकडची कुटुंबं निघतात ती एप्रिल-मे महिन्यात. त्या दिवसांत वारा पडलेला असतो आणि पाणी निवळशंख, पण तेच पाणी वर्षातलं सर्वांत तापलेलंही असतं.

हे तापणं प्रवाळांच्या जिवावर येतं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाला अन्न आणि रंग मुख्यतः त्याच्याकडून मिळतो. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त, आणि तेही आठवडेच्या आठवडे राहिलं, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लक्षद्वीपने असे मोठे तडाखे १९९८, २०१० आणि २०१६ साली सोसले. २०२४ सालीही तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. १९९८ ते २०२२ या काळात अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथे केलेल्या दीर्घ निरीक्षणांत जिवंत प्रवाळांचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. तरीही बोटीतून ‘किती सुंदर पांढरे कोरल!’ असे उद्गार ऐकू येतात. ते सौंदर्य नाही, उपासमार आहे. निघण्यापूर्वी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा प्रवाळविषयक इशारा पाहावा. तो फुकट मिळतो. इशारा चढा असेल तर तारीख पुढे ढकलावी. आजारी माणसाच्या घरी पाहुणे म्हणून जाऊ नये, इतकं साधं आहे ते.

महिन्यानंतर तिथी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. उधाण आणि भांग त्याच्या बोलण्यातच असतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या भरतीची साधारण वेळ निघते, अष्टमीला सहा. लक्षद्वीपला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, तिथलं कोष्टकच पाहावं लागतं. भरती-ओहोटीतला फरक तिथे आपल्यापेक्षा कमी असला, तरी सुकती लागली की लगूनचं पाणी भित्तीतल्या अरुंद वाटांनी जोरात बाहेर पडतं. त्या वाटेच्या तोंडाशी तरंगणाऱ्याला ते सहज बाहेर ओढून नेतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा जोर आणखी वाढतो. म्हणून नवख्यांनी भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे मंद भरतीचे दिवस धरावेत आणि नावाड्याला एकच प्रश्न विचारावा: पाणी आत येतंय की बाहेर जातंय? उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरा नावाडी शोधावा.

सामानात मास्कवर कंजुषी नको. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मापाचा. भरघोस मिशी असेल तर पाणी झिरपणारच; मिशीची वरची कड थोडी कातरली की बरंच भागतं. चष्मेवाल्यांना नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, तो घ्यावाच. अख्खा चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोयीचे, पण त्यांत सोडलेला श्वास साचून राहण्याचा धोका असतो; माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे. पाठीला आणि गुडघ्यांच्या मागे ऊन भाजून काढतं, त्यासाठी क्रीम थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा चांगला. लाइफ जॅकेट घालण्यात कमीपणा काहीच नाही.

पाण्यात आडवं राहायचं, ही एकच गोष्ट पोरांना आणि थोरांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. घाबरलेला माणूस उभा होतो, पाय टेकायला जागा शोधतो, आणि ती जागा नेमकी प्रवाळ असते. गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढतो. डोक्याएवढा गोळा दिसला तर तो घडायला दहा-वीस वर्षं लागलेली असतात.

आडवं राहून हात-पाय थांबवले की मग तमाशा सुरू होतो. अशाच एखाद्या गोळ्यात रुतलेला मोठा शिंपला दिसतो, निळ्या-जांभळ्या नागमोडी ओठांचा. तुमची सावली त्यावर पडली की ओठ झटकन आत ओढले जातात. सावली हटवून मिनिटभर थांबा, ते पुन्हा पसरतात. कानाशी सतत कुरकुर ऐकू येते, त्यात पोपटमाशाच्या चाव्यांचा आवाज असतो. चोचीसारख्या दातांनी तो खडकावरचं शैवाल खरवडतो, त्याबरोबर चुनखडीही खातो आणि बारीक वाळू करून मागे सोडतो. किनाऱ्यावर ज्या शुभ्र वाळूत फोटो काढले जातात, तिच्यातला बराच भाग या माशाच्या पोटातून गेलेला आहे. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका. त्यांना त्यांचं काम करू द्या.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही खिशात घालायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना वाघाच्या पंक्तीला बसवलेलं आहे, आणि ‘पडलेलाच तर होता’ हा बचाव तिथे चालत नाही.

उरली कागदपत्रं. लक्षद्वीपला प्रवेशपरवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय तिकीट काढू नये. कोचीहून ही बेटं २२० ते ४४० किलोमीटरवर आहेत. जहाजाला रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि अगत्तीला छोटं विमान जातं. बंगारम सोडल्यास बेटांवर दारूबंदी आहे.

दिवाळीचा फराळ आटोपला की आपल्या गावच्या तरणतलावावर मास्क आणि नळी घेऊन जा. उथळ बाजूला पालथे तरंगत, तोंडाने श्वास घेत पंधरा मिनिटं घालवा. घाबरगुंडी उडाली तर ती तिथेच उडू द्या. जानेवारीच्या अष्टमीपर्यंत सरावाला भरपूर वेळ आहे.