कोलंबीचा धीर

पदार्थांची वर्गवारी आपण चवीवरून करतो, खर्चावरून करतो, पथ्यावरून करतो. डोंबिवलीत इतकी वर्षं संसार केल्यावर मला आणखी एक वर्गवारी पटली आहे: कोणता पदार्थ किती वेळ वाट पाहू शकतो? ज्या शहरात रात्रीच्या जेवणाची वेळ घड्याळ नाही तर गाडी ठरवते, तिथे हा प्रश्न चवीच्याही आधी येतो.

आमटी सोशिक. दोनदा उकळली तरी कुरकुरत नाही. मुगाची खिचडी जरा घट्ट होते, पण कढत पाणी घातलं की पुन्हा मवाळ. मासळीत मात्र सगळ्या स्वभावांची मंडळी भेटतात. बांगड्याचं कालवण रात्रभर मुरलं की दुसऱ्या दिवशी भाकरीशी जास्तच छान लागतं. शिळ्या कालवणासाठी सकाळी लवकर उठणारे लोक मी पाहिले आहेत. तळलेली सुरमई तव्यावरून थेट ताटात यावी, पाच-दहा मिनिटांत तिचा रवा मऊ पडतो. सोडे आणि सुकट तर बरणीत पावसाळेच्या पावसाळे काढतात. आणि या सगळ्यांत अधीर कोण, तर ताज्या कोलंबीचा भात.

त्याचं कारण सरळ आहे. तांदळाला शिजायला पंधरा-वीस मिनिटं हवीत, वर मुरायला दहा. मध्यम आकाराच्या कोलंबीला तीन-चार मिनिटं पुरतात. ती अर्धचंद्रासारखी वळली आणि पारदर्शकपणा जाऊन गुलाबी-पांढरी झाली की शिजली. पुरतं वेटोळं घातलं की तिच्यातलं पाणी गेलं आणि आता ती चावत बसायची. दोघांना एकदम कुकरमध्ये कोंडून शिट्ट्या काढल्या तर भात होतो, कोलंबी वाया जाते. सासूबाईंकडे सीकेपी पद्धतीचा कोलंबीभात होई, त्यात या अडचणीवर तोड होती. सोललेल्या कोलंबीला हळद, तिखट, मीठ, हिंग आणि आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण चोळून ठेवायचं. डोकी आणि सालं टाकून द्यायची नाहीत. ती थोड्या तेलावर परतून पाण्यात उकळायची, गाळायची. चव खरी तिथे असते. किलोभर कोलंबी सोलली की जेमतेम निम्मी उरते, मग उरलेल्या निम्म्याचे पैसे का बुडवायचे? तांदूळ त्या पाण्यात आणि नारळाच्या दुधात शिजवायचा. तो बोटचेपा झाला की कोलंबी आत सरकवायची, झाकणावर वजन ठेवायचं, आच अगदी मंद.

तांदूळही जुना हवा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो. वर्षभर ठेवलेला जास्त पाणी पितो आणि दाणा मोकळा राहतो. बासमतीवाचून पाहुण्यांपुढे भात ठेवता येत नाही, असं हल्ली अनेकांना वाटतं. मला आपला कोलमच बरा वाटतो. शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हा बारीक दाणा कोलंबीचा रस मुकाट्याने शोषून घेतो, स्वतःचा सुगंध मध्ये आणत नाही.

कोलंबीही आपल्यासारखीच प्रवास करून डोंबिवलीला येते. बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. भाऊच्या धक्क्यावर आणि 1875 मध्ये बांधलेल्या ससून डॉकवर पहाटे माल उतरतो, त्यातला काही टेम्पोने, काही लोकलच्या मालडब्यातून टोपल्यांसोबत इकडे येतो. त्या डब्याच्या वासाबद्दल नाकं मुरडणारे संध्याकाळी त्याच टोपलीपुढे उभे राहून भाव करतात. खरं तर डोंबिवलीला मासळी परकी नाही. पश्चिमेला मोठागावाजवळ उल्हास नदीची खाडी आहे. इमारती उठण्याआधीपासून इथल्या आगरी-कोळी गावांची चूल भात आणि खाडीच्या म्हावऱ्यावर चालत आली. कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने त्या खाडीची रया गेली आणि आम्ही मासळीसाठी मुंबईकडे तोंड केलं.

वाट पाहणं नुसतं रात्रीचं नाही, वर्षाचंही आहे. 1 जून ते 31 जुलै राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ. समुद्र उघडतो तेव्हा अनेक घरांत श्रावण लागलेला असतो किंवा लागायच्या बेतात असतो. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या लोटतात, त्याच दिवशी कित्येक डोंबिवलीकर नारळीभातावर समाधान मानतात आणि थेट गणपती विसर्जनानंतर बाजारात जातात. ऐन पावसात आमच्या घरी सोड्यांची खिचडी असते: कोमट पाण्यात भिजवलेले सोडे, बटाट्याच्या फोडी, तोच कोलम, वर ओलं खोबरं. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला धीर तेव्हा कामी येतो.

आता बाजारात बारा महिने दिसणारी एकसारख्या आकाराची कोलंबी बहुतेक वेळा वनामी असते. ती मूळची पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची. 2009 मध्ये भारतात तिच्या संवर्धनाला परवानगी मिळाली आणि तळ्यांत तिचं पीक निघू लागलं. तिने आमचं पंचांग पुसलं, मासेमारीबंदीही निष्प्रभ केली. पण कढईतली तिची तीन-चार मिनिटं तिलाही वाढवता आली नाहीत. फ्रिज, मायक्रोवेव्ह यांच्यापुढेही ती हरते. दुसऱ्यांदा गरम केलेली कोलंबी वातड होते.

म्हणूनच या भाताची मला किंमत वाटते. एरवी आमच्या घरी जेवणं पाळीपाळीने होतात. मुलगा येतो तेव्हा यांचं जेवून झालेलं असतं, मी उशिरा आले तर ताट झाकलेलं असतं. प्रत्येकासाठी अन्न थांबतं, म्हणून कुणी कुणासाठी थांबत नाही. कोलंबीभाताच्या दिवशी हा हिशेब उलटा होतो. सकाळीच विचारलं जातं, कोण कितीच्या गाडीने येणार. घाटकोपर गेलं की तांदूळ चढतो. “ठाणं सोडलं” असा निरोप आला की कोलंबी भातात जाते, कारण बहुतेक जलद गाड्यांना ठाण्यानंतर डोंबिवलीच. पुढे रिक्षाची रांग आणि जिना धरला तर बरोबर मुरायला लागतो तेवढाच वेळ उरतो. गाडी मुंब्र्याला अडकली तर गॅस बंद, झाकण तसंच. मग आलेले सोलकढी घेऊन बसतात, न आलेल्याची चौकशी करतात. एरवी ही चौकशी दाराच्या बेलपुरती असते.

एकत्र जेवावं, असा उपदेश मुलांना केला तर ती मोबाइलमधून मान वर करत नाहीत. “आज कोलंबीभात आहे, थंड होईल” एवढं वाक्य पुरतं. लोकलच्या वेळापत्रकापुढे आपण सगळेच नमतं घेतो. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघराच्या वेळापत्रकापुढेही घ्यावं. कुटुंबाला एका वेळी पाटावर आणायचं असेल तर वाट पाहणारे पदार्थ थोडे कमी करा आणि न थांबणारा एखादा अधूनमधून करत जा. शाकाहारी घरांनीही हरकत घेऊ नये. गरम पुऱ्या आणि भजीही कुणासाठी थांबत नाहीत. फक्त तांदूळ धुण्याआधी घरच्यांना गाडी विचारून घ्या.