पुढचे कार्ड

आमच्या माडीवर रोज संध्याकाळी चार विद्वान जमतात, असा माझा काही दिवस मोठा गोड समज झाला होता. त्याला कारणही तसेच होते. मी उभा जन्म जालन्यात मुलांना गणित शिकवण्यात घालवलेला माणूस. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एकदा जिना चढता चढता वरून शब्द आले, "पास्कल चांगलाच होता रे, पण ट्युरिंगनं निराशा केली. अँपिअरचं मात्र नाव घ्यावं!"

मी पायरीवरच थबकलो. आमचे चिरंजीव तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि बरोबरचे तिघेही त्याच वयाचे. या वयात मुले पास्कल आणि ट्युरिंगवर वाद घालतात! मी तसाच मागे फिरलो आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "अगं, ऐकलंस का? वर चहा पाठव. आणि बरोबर चिवडाही दे."

चिवड्याबरोबर माझा भ्रमही संपला. ही सारी नावे संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांची होती. एनव्हिडिया नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. ती आपल्या कार्डांच्या प्रत्येक पिढीला एकेका शास्त्रज्ञाचे नाव देते. 2016 साली पास्कल, 2018 मध्ये ट्युरिंग, 2020 मध्ये अँपिअर, असा तो वंशविस्तार. आमच्या लहानपणी नातवाला आजोबांचे नाव ठेवीत, त्यातलाच हा प्रकार.

पण कार्ड म्हणजे काय, हे समजून घेतल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. संगणकाच्या साध्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. गुणाकार केला तर 20 लाख 73 हजार 600. खेळ नीट हलता दिसायचा तर हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात, म्हणजे सेकंदाला 12 कोटी 44 लाख 16 हजार ठिपके! हे काम संगणकाच्या मुख्य मेंदूला एकट्याने झेपत नाही. म्हणून हजारो लहान लहान गणिती एकाच वेळी कामाला लावतात, तेच हे कार्ड. वर्गात बसलेल्या हजारो मुलांनी एकेक सोपे उदाहरण एकदम सोडवावे, तसे. मी मनातल्या मनात त्या कार्डाला नमस्कार केला.

आमच्या संगणकात होते ते चार जीबीचे, 2016 सालातले एक गरीब बिचारे कार्ड. नव्या खेळांपुढे ते धापा टाकी. चौघांचा बेत असा होता, की शिकवण्या घेऊन चिरंजीवांनी पैसे साठवायचे, नवे कार्ड घ्यायचे आणि सगळ्यांनी मिळून आमच्या माडीवर खेळायचे. पैसे साठत होते. अडचण पैशांची नव्हतीच. अडचण होती ती पुढच्या कार्डाची.

2021 साली कार्डे बाजारातून नाहीशी झाली होती. साथीचे दिवस, चिपांची टंचाई, त्यात आभासी नाणी 'खणणारे' लोक कार्डे पोत्याने उचलीत होते. चौघांनी ठरवले, थांबायचे. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरिअम या नाण्याची ती खाण बंद झाली आणि भाव उतरले. मी म्हटले, "आता घे." तर उत्तर आले, "बाबा, आता कोण घेईल? पुढची पिढी येतेय ना!"

आणि मग सुरू झाल्या अफवा. आमच्या मोंढ्यात सरकीच्या आणि कापसाच्या तेजीमंदीवर चर्चा चालते, ती मी लहानपणापासून ऐकली आहे. पण या माडीपुढे मोंढा फिका पडला. कुणा कारखान्यातून आकडे फुटत, कुणी जहाजाच्या मालाच्या यादीवरून अंदाज बांधी. गंमत अशी, की दहाबारा वर्षांपूर्वी जगभरच्या शौकिनांना नव्या कार्डांचा सुगावा पुष्कळदा आपल्याच देशाच्या आयातीच्या नोंदींवरून लागत असे! परीक्षणासाठी आलेल्या मालाची किंमत आणि सांकेतिक क्रमांक वाचून मंडळी कुंडली मांडीत.

कुंडल्या चुकतही. 2022 मध्ये पोरांनी छातीठोकपणे सांगितले, की नवे मोठे कार्ड सहाशे वॅट खाणार. आमचा मिक्सर पाचशे वॅटचा. त्यामुळे घरात थोडी काळजी पसरली. प्रत्यक्षात आले ते साडेचारशेचे. त्याच वर्षी एक कार्ड सप्टेंबरात जाहीर झाले आणि ऑक्टोबरात कंपनीनेच मागे घेतले. नावावरून घोटाळा होतो, म्हणे. पुढे जानेवारीत तेच वेगळ्या नावाने बाजारात आले. बारसे मोडून पुन्हा बारसे केल्याचे मी तरी हे पहिलेच उदाहरण पाहिले.

शेजारी आडतीचा धंदा करणारे एक शेटजी राहतात. एकदा माडीवरचा गलका ऐकून त्यांनी विचारले, "मास्तर, पोरं कशाचा सौदा करतात?" मी सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "जो रोज भाव विचारतो ना, तो माल घेत नाही."

ते वाक्य मला लागले, आणि लागायला कारण होते. घनसावंगीकडे माझा एक बालमित्र आहे. त्याची मोसंबीची बाग आहे. आमच्या जिल्ह्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा त्याला कोण अभिमान! मागे एका वर्षी व्यापारी बागेवर आला तेव्हा "अजून भाव चढेल" म्हणून त्याने हात आखडला. भाव चढायच्या आधी फळगळ सुरू झाली. झाडाखालचा पिवळा सडा दाखवीत तो मला म्हणाला होता, "भावाला थांबता येतं रे, फळाला येत नाही."

असे करता करता 2025 उजाडले. 7 जानेवारीला सकाळी आठ वाजता, अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, त्या कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग काळे चमकदार जाकीट घालून व्यासपीठावर आले. नव्या पिढीचे नाव ब्लॅकवेल, तेही एका गणितज्ञाचे. त्यामुळे मीही चहा घेऊन माडीवर बसलो. 549 डॉलरचे कार्ड आदल्या पिढीतल्या 1599 डॉलरच्या कार्डाइतके चालेल, असे ते म्हणाले. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग खुलासा कळला. नवे कार्ड एक चित्र खरोखर रंगवते आणि पुढची तीनपर्यंत चित्रे अंदाजाने भरते. मी म्हटले, "म्हणजे हे आपल्या माडीसारखंच झालं की! एक गोष्ट खरी आणि तीन अंदाजाच्या." कुणी हसले नाही. तेवढ्यात माझ्या लक्षात आले, की टाळ्या दोघांच्याच होत्या. चौघांपैकी एक पुण्याला प्रशिक्षणासाठी गेला होता आणि दुसरा वडिलांच्या दुकानावर बसू लागला होता.

महिना गेला, दोन गेले. नवी कार्डे हाताला लागेनात, आणि लागली तर भाव ऐकून हात मागे येई. एप्रिलमध्ये चिरंजीव म्हणाले, "बाबा, थोडं थांबतो. 'सुपर' येणार असं म्हणतात." जुलैत त्याला पुण्यात नोकरीवर रुजू व्हायचे होते.

त्या रात्री गच्चीवर मी त्याला आमच्या स्कूटरची गोष्ट सांगितली. ती त्याने कधी ऐकली नव्हती. मीही कुणाला फारशी सांगितलेली नाही.

माझ्या वडिलांनी 1975 साली स्कूटरसाठी नाव नोंदवले. त्या काळी स्कूटर पैसे देऊन मिळत नसे, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळे. आईची एकच इच्छा होती. अंगारकीला स्कूटरवर मागे बसून राजूरच्या गणपतीला जायचे. दर अंगारकीला वडील म्हणत, "एस. टी.नं काय जायचं, पुढच्या अंगारकीला स्कूटरवरच जाऊ." स्कूटर येईपर्यंत 1981 साली जालना तालुक्याचा जिल्हा झाला, तरी स्कूटर आली नाही. आली ती 1983 मध्ये. तोवर आईच्या पाठीचे दुखणे असे बळावले होते, की डॉक्टरांनी तिला दुचाकीवर बसायची मनाई केली होती. आईने स्कूटरला हळदकुंकू लावले, नारळ वाढवला, आणि कुणाचे न ऐकता एकदा मागे बसली. वडिलांनी अगदी सावकाश, अंगणातल्या अंगणात, तुळशीभोवती एक फेरी मारली. आई उतरली आणि म्हणाली, "झालं माझं राजूर." वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

"आमच्या वेळी माल येत नसे म्हणून थांबावं लागे," मी म्हणालो. "तुमच्या वेळी त्याहून चांगला माल सारखा येत असतो म्हणून तुम्ही थांबता. थांबणं तेच. एस. टी. तेव्हाही रोज जात होती रे."

तो काही बोलला नाही. पाचव्या दिवशी खोके आले. आदल्या पिढीतले, मधल्या दर्जाचे, 115 वॅटचे साधे कार्ड. ज्याच्याविषयी आता कुणी अफवासुद्धा पसरवत नाही, असे. पुण्याचा मित्र सुटी काढून आला, दुकानावरचा रात्री शटर ओढून येऊ लागला. सारा मे महिना, बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, कूलरपुढे बसून चौघांनी माडी डोक्यावर घेतली. हिने रोज पन्हे केले. मी एकदा खेळून पाहिले. दीड मिनिटात मेलो, पण ठिपके सुरेख रंगले होते.

जुलैत चिरंजीव पुण्याला गेले. माडीला आता कुलूप असते. परवा त्याचा फोन आला. आवाजात तोच उत्साह. "बाबा, ऐकलंत का? पुढच्या पिढीचं नाव रुबिन आहे म्हणे! आणि..."

"ते राहू दे," मी म्हटले. "दिवाळीला कधी येतोस?"

"बघू. बहुतेक धनत्रयोदशीला, नाहीतर..."

"अंदाज नको," मी म्हणालो, "तारीख सांग."

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग तो हसला आणि त्याने तारीख सांगितली. ही आता माडी झाडून घेते आहे.