उपचार मोफत, पण मजुरी कोण देणार?

मी नेरूळला राहते. इथून हार्बर लाइनवर तिसरं स्टेशन खारघर, आणि तिथे टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक. त्यामुळे गावाकडे कुणाच्या लेकराला रक्ताचा कॅन्सर निघाला की माणसं नेरूळमधल्या नातेवाइकाच्या खोलीवर उतरतात. कागदपत्रं, योजना, रक्तदाते यासाठी मला फोन येतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ते मोलाचंच आहे. पण लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, याचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा ताप आला तर लगेच दवाखाना गाठावा लागतो. म्हणून सुरुवातीचे कित्येक महिने गावी परतता येत नाही. कुणी तरी सतत लेकराजवळ हवं, म्हणजे एक मजुरी बंद.

बीडकडचं एक बौद्ध कुटुंब असंच आलं होतं. मुलाचे केस परत आले, रोजच्या गोळ्यांचा टप्पा सुरू झाला. बाप म्हणाला, "ताई, मुकादमाची उचल घेतलीय. कोयता धरावाच लागंल." ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आई लेकराजवळ थांबली तर अर्धा कोयता. उचल फिटणार कशी? शेवटी विहारात वर्गणी काढली, मायलेकरं थांबली. पण आरोग्यव्यवस्था वर्गणीवर चालवायची का?

उपचार अर्ध्यावर सुटले की सुशिक्षित मंडळी 'पालकांचं अज्ञान' म्हणतात. या आईबापांना आजार चांगला कळतो. त्यांना उचलही कळते.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी मांडलं की आईची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, म्हणून तिचा भार सरकारनेही उचलावा. हाच न्याय आजारी लेकराच्या आईला का नको? कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगार स्वतः आजारी पडला तर रोख भरपाई मिळते. मूल आजारी पडलं तर उपचार मिळतात, बुडालेली मजुरी मिळत नाही. नाका कामगार आणि ऊसतोड मजूर तर या योजनेच्या बाहेरच.

तत्त्व सरकारला मान्य नाही असंही नाही. रेल्वे कर्करुग्णासोबतच्या माणसालाही तिकिटात सवलत देते. क्षयरुग्णांना उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. मग कॅन्सरग्रस्त मुलाच्या आईबापापैकी एकाला उपचार संपेपर्यंत किमान वेतन का नाही? दवाखान्याजवळ निवारा ही धर्मादाय संस्थांची कृपा का राहावी?

फुल्यांचं नाव योजनेला दिलंय. आता फुल्यांचा प्रश्नही विचारा: कष्टकऱ्याच्या घामाचा हिशेब कुठे आहे?

जयभीम.