कळसूबाईच्या वाटेवर एक रात्र

वाचकहो, देव डोंगरावर असतो आणि त्याच्याकडे पायांनी जायचे असते, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. म्हैसूरच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांना चामुंडीची टेकडी अशीच घरची वाटते. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांच्या काळात झालेल्या तिच्या सुमारे एक हजार पायऱ्या, वाटेवरचा अखंड पाषाणातील भव्य नंदी आणि आषाढातल्या शुक्रवारी होणारी भक्तांची दाटी, हे सारे इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. कृष्णराजनगरची आम्ही माणसे कावेरीकाठच्या सपाट भातशेतीत राहतो. आमच्या पायांना चढण अशी काय ती चामुंडीचीच ठाऊक.

परंतु आज तुम्हांला सांगायचे आहे ते दुसऱ्या एका डोंगरावरच्या दुसऱ्या एका देवीविषयी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 1646 मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने 5400 फूट. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बारी नावाचे गाव आहे, तेथून वर जाणारी वाट सर्वांच्या परिचयाची. हा सारा मुलूख 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. भंडारदऱ्याचे 1926 साली पूर्ण झालेले धरण येथून जवळच आहे, आणि त्यात अडवलेली प्रवरा ही ज्ञानदेवांच्या नेवाशाजवळून वाहत पुढे गोदावरीला मिळते.

अलीकडे पुष्कळ मंडळी हे शिखर रात्री चढतात. मध्यरात्रीनंतर वाटाड्याबरोबर निघावे, पहाटे माथा गाठावा, सूर्योदय पाहावा आणि ऊन तापण्यापूर्वी उतरू लागावे, असा हा क्रम. ही रीत काही आपलीच नव्हे. श्रीलंकेतील श्रीपाद पर्वतावर यात्रेकरू रात्रभर चढून पहाट गाठतात. जपानातील 3776 मीटर उंचीच्या फुजी पर्वतावरही लोक सूर्योदयासाठी अंधारात चढतात. मात्र त्याच फुजीच्या माथ्यावर जाण्यास स्त्रियांना 1872 सालापर्यंत बंदी होती, हे मला पुढे कळले. आणि एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री, जुन्को ताबेई, ही त्याच जपानची, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते वर्ष होते 1975.

आमच्या घरातून या वाटेला जाण्याची इच्छा प्रथम बोलून दाखवली ती माझ्या वन्संनी. त्यांचे वय अठ्ठावन्न. लहानपण अकोल्याला गेले. दूरवर दिसणाऱ्या त्या सुळक्याला हात जोडून त्या शाळेत जात. पुढे संसार झाला, वैधव्य आले, आणि गेली कित्येक वर्षे त्या आमच्याजवळ कृष्णराजनगरला आहेत. बाजारापुरती कानडी त्यांनी सहा महिन्यांत आत्मसात केली. दर आषाढात चामुंडीच्या पायऱ्या त्या अनवाणी चढतात. त्यामुळे एके दिवशी भाजी निवडता निवडता, “एकदा कळसूबाईला जाऊन यायचं होतं,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा ते अशक्य आहे असे कुणालाच म्हणता येईना. “होतं” हा त्यांचा भूतकाळ मात्र मला खटकला.

मार्गशीर्षातील पौर्णिमेच्या आगेमागे जायचे ठरले. पावसाळ्यात हा डोंगर हिरवागार असतो. परंतु तेव्हा खडक निसरडे असतात, शिड्यांवर गर्दी लोटते आणि माथ्यावर ढगांशिवाय काही दिसेलच असे नाही. हासन, अरसीकेरे अशी गाडीची वाट धरून आम्ही महाराष्ट्रात आलो. माझा भाचा आणि त्याचे कॉलेजातील पाच मित्र घोटीला येऊन मिळाले. एकंदर आठ माणसे. त्यांत बायका आम्ही दोघीच.

आमचा वाटाड्या बारीचाच, तिशीतला, अंगाने शिडशिडीत. भात, नागली आणि वरई पिकवणाऱ्या घरातला. शेतीचे काम नसेल तेव्हा तो आणि त्याचा एक जोडीदार लोकांना वर घेऊन जातात. निघण्यापूर्वी अंगणात उभे राहून त्याने आपले नियम सांगितले. तो सर्वांच्या पुढे चालणार, जोडीदार सर्वांच्या मागे. या दोघांच्या बाहेर कुणी जायचे नाही. विजेरीचा झोत पायांवर ठेवायचा, दुसऱ्याच्या डोळ्यांवर नाही. शिडीवर तोंड शिडीकडे, दोन्ही हात मोकळे, आणि पुढचा माणूस वर पोहोचल्याखेरीज मागच्याने चढायचे नाही. घामेजल्या अंगाने फार वेळ बसायचे नाही, थंडी धरते. नेलेली प्रत्येक पिशवी आणि बाटली खाली परत आणायची. हे सगळे त्याने आवाज न चढवता सांगितले, आणि कॉलेजातील त्या पाच-सहा जणांनी वर्गात ऐकले नसेल इतक्या निमूटपणे ऐकले.

रात्री एक वाजता आम्ही निघालो. चांदणे होते, तरी झाडीत शिरताच प्रत्येकाचे जग आपल्या विजेरीच्या वर्तुळाएवढे झाले. तुम्ही विचाराल, अंधारात डोंगर चढण्यात आनंद तो कसला? मला वाटते, आनंदाचा अर्धा भाग त्या वर्तुळातच आहे. दिवसा माणूस मान वर करून शिखर पाहतो आणि त्याचे पाय जड होतात. रात्री शिखर दिसत नाही. पुढचे पाऊल तेवढे दिसते, आणि ते टाकण्याइतके बळ बहुधा प्रत्येकात असते.

या डोंगराची घडणही समजून घेण्याजोगी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचे पठार होते. म्हणून या वाटेवर एक कडा आणि एक सपाटी असा क्रम पुन्हा पुन्हा येतो. शास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दच मुळी स्वीडिश भाषेतील ‘पायरी’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. भाषांतराचा व्यवसाय असल्यामुळे मला ही व्युत्पत्ती माहीत होती. तिचा अर्थ गुडघ्यांना कळला तो त्या रात्री. कड्याच्या जागी आता लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. थंडीत त्यांचे कठडे बर्फासारखे लागतात.

पहिल्या मोठ्या सपाटीवर विसाव्याला बसलो असता वन्संनी वाटाड्याला देवीची कथा विचारली. त्याने सांगितली ती अशी. कळसू ही कोळ्यांची पोर, रानावनात हिंडण्याची तिला आवड. हिंडत हिंडत ती पायथ्याच्या इंदोरे गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. तिची अट एकच होती : केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. काही दिवस सारे ठीक चालले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. कळसूने ते काम केले. परंतु काम आटोपताच ती डोंगर चढून वर गेली आणि मरेपर्यंत शिखरावरच राहिली. जिथे तिने भांडी घासली ते थाळेमेळ, जिथे केर काढला तो काळदरा.

गोष्ट संपली. भाचा म्हणाला, “फारच मानी होती.” वन्सं थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “आणि ती गेल्यावर भांडी कुणी घासली?”

वाटाड्या हसला. “घासली असतील दुसऱ्या कुण्या बाईनं.”

“हो, तेच,” वन्सं म्हणाल्या, आणि काठी टेकून उठल्या.

वाचकहो, चाळीस वर्षे दुसऱ्यांची ताटे उचलणाऱ्या बाईने विचारलेला हा प्रश्न आहे. पुढचा अर्धा तास माझ्या पावलांबरोबर तो चालत होता. आपण कळसूच्या देवळात नवरात्रात जत्रा भरवतो, तिला साडीचोळी वाहतो. परंतु तिची एवढीशी अट कुणाला पाळता आली नाही म्हणून ती देवी झाली, हे आपल्यापैकी कितींच्या ध्यानात असते?

शेवटच्या शिडीच्या खाली एक विहीर आहे. तिथे पोहोचेपर्यंत वन्संचा उजवा गुडघा दुखू लागला होता आणि श्वास लागत होता. पूर्वेला फटफटत होते. आता थांबलो तर मुलांचा सूर्योदय हुकणार, हे सर्वांनाच दिसत होते. भाचा जवळ आला, आपली शाल त्यांच्या अंगावर घातली आणि म्हणाला, “आत्या, तू इथेच बस. आम्ही पटकन वर जाऊन येतो. इथूनच नमस्कार कर, देवीला पोहोचतो.” त्याच्या बोलण्यात प्रेमच होते. आपल्या घरांतून मोठ्या बायकांविषयीचे निर्णय बहुधा असेच, त्यांच्या अंगावर शाल घालून, प्रेमानेच घेतले जातात.

वाटाड्या पुढून परत आला. तो उकिडवा बसला, त्याने वन्संचा गुडघा दाबून पाहिला, पाय सरळ करायला लावला, पुन्हा मुडपायला लावला. मग तो म्हणाला, “मावशी, पाय मुरगळलेला नाही, दमलाय. वर यायचं का इथं बसायचं, तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं करू. दोन्हीत काही वाईट नाही.”

वन्सं लगेच बोलल्या नाहीत. मी त्यांना पुष्कळ वर्षे ओळखते. ‘तुमचं होऊ द्या, माझं काय’ हे शब्द त्यांच्या ओठांवर नेहमी तयार असतात. त्या पहाटे ते आले नाहीत. त्या म्हणाल्या, “अर्धा तास बसते. मग येते. पण मला घाई करायची नाही.”

“नाही करणार,” वाटाड्या म्हणाला. मुलांना त्याने जोडीदाराबरोबर वर पाठवले. आम्ही तिघे विहिरीपाशी थांबलो. त्याने पाणी काढून दिले, वन्संनी शेंगदाण्याचे लाडू काढले. सूर्य उगवताना आम्हांला दिसला नाही. प्रथम शिखराचा खडक तांबूस झाला, मग तो रंग हळूहळू खाली उतरत आमच्यापर्यंत आला. वरून मुलांचा जल्लोष ऐकू आला तेव्हा वन्सं म्हणाल्या, “चला.”

एरवी शिडीवर अंतर ठेवायला बजावणारा तो माणूस आता त्यांच्या मागे दोनच पायऱ्या ठेवून चढत होता. त्याने त्यांना हात लावला नाही, पण प्रत्येक पायरीवर हलकेच सांगत होता, “डावा... आता उजवा... थांबा... घ्या श्वास.” 1953 साली एव्हरेस्टवर पोहोचलेल्या तेनसिंग नोर्गे यांना पुढच्याच वर्षी दार्जिलिंगच्या हिमालयन पर्वतारोहण संस्थेत प्रशिक्षणाचे प्रमुख नेमले गेले. डोंगरातली विद्या ही विद्याच आहे, ती शिकवता येते, हे तेव्हा देशाने मान्य केले. बारीच्या वाटाड्याला पदवी कुणी दिलेली नाही. विद्या मात्र तीच.

माथ्यावरचे देऊळ लहानसे आहे. आत शेंदूर लावलेली देवी. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड एका ओळीत उभे होते. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते आणि त्यापलीकडे रतनगड. उत्तरेकडे त्र्यंबकचा मुलूख. तिथल्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. आणि आमची कावेरी उगम पावते तोही कोडगूमधला ब्रह्मगिरीच. एकाच सह्याद्रीवरचे एकाच नावाचे दोन डोंगर दोन मोठ्या नद्यांना पूर्वेकडे पाठवतात. घरापासून इतक्या दूर येऊनही आपण त्याच डोंगराच्या अंगावर आहोत, हे जाणून मला फार बरे वाटले.

वन्संनी पिशवीतून हळदकुंकू, खण आणि नारळ काढून देवीची ओटी भरली. नवस नव्हता, मागणेही ऐकू आले नाही. हात जोडून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “हिनं बरं केलं.” एवढेच.

उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा होते. वाटाड्याने सर्वांना तिरके पाऊल टाकायला शिकवले. दुपारी त्याच्या घरी पिठले, नागलीची भाकरी आणि ठेचा असे जेवण झाले. जेवण संपताच सवयीने वन्संचा हात ताटाकडे गेला. घरची बाई “राहू द्या” म्हणत पुढे झाली. वन्संनी एकदा तिच्याकडे पाहिले, हात मागे घेतला, भिंतीला टेकून बसल्या आणि भाच्याला म्हणाल्या, “अरे, आठ ताटं आहेत. उठा सगळे.” सहाही जण उठले. नळावर बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, आणि दोघी बायका ओसरीवर बसून भातलावणीविषयी बोलत होत्या.

तुम्ही या वाटेला जाणार असाल तर गर्दीचा पाऊसकाळ टाळा, उबदार कपडे आणि पुरेसे पाणी घ्या, आणि गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय रात्री निघू नका. त्याचा मोबदला घासाघीस न करता द्या. त्याच्या डोळ्यांच्या भरवशावर तुम्ही आपली माणसे अंधारात नेत असता. आणि निघण्यापूर्वी घरातल्या ज्या माणसाला कुणी विचारत नाही, त्याला ‘येणार का’ म्हणून एकदा विचारा. उत्तर लगेच आले नाही तर थोडे थांबा.