अरण्यातले गुरुजी

काही शिक्षक आपल्याला वर्गात भेटतात, तर काही पुस्तकातून. मारुती चितमपल्ली हे मला पुस्तकातून भेटलेले गुरुजी. मी त्यांना प्रत्यक्ष कधीच पाहिले नाही. तरीही १८ जून २०२५ रोजी सोलापूरला त्यांचे निधन झाले, तेव्हा घरातलेच वडीलधारे माणूस गेल्यासारखे मला वाटले.

चितमपल्लींचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूरला झाला. त्यांनी कोईमतूरला वनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे सुमारे छत्तीस वर्षे वनखात्यात नोकरी केली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही आपल्या विदर्भातली जंगले त्यांनी पायी तुडवली. निवृत्तीनंतर ते बराच काळ नागपुरात राहिले. म्हणजे आमच्या बुटीबोरीपासून तासाभराच्या अंतरावर! ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘रातवा’ अशी त्यांची पुस्तके मराठी वाचकांनी आवडीने वाचली. लोक त्यांना प्रेमाने ‘अरण्यऋषी’ म्हणत.

इतका मोठा जाणकार माणूस शिकला कोणाकडून? नवेगावबांध येथे एक विस्तीर्ण तलाव आहे. कोहळी समाजातील कोलू पाटील यांनी तो शेकडो वर्षांपूर्वी बांधला. त्या तलावावर जाळी टाकणारे ढिवर, जंगलात राहणारे गोंड आणि नवेगावचे माधवराव पाटील यांना चितमपल्लींनी आपले गुरू मानले. पाण्याचा रंग पाहून, पक्ष्यांची हालचाल पाहून मासे कोठे असतील हे ओळखणे, ही ढिवरांची विद्या. ती पुस्तकात नव्हती, माणसांच्या जिभेवर आणि हातात होती. माणूस गेला की विद्याही जाते. म्हणून एवढा मोठा अधिकारी अंगठेबहाद्दर माणसांजवळ वही घेऊन बसे आणि त्यांच्याकडून नावे, खुणा, समजुती लिहून घेई. त्यातूनच त्यांचा ‘पक्षिकोश’ समृद्ध झाला.

जेथे शब्द नव्हता, तेथे त्यांनी तो घडवला. कावळे जेथे एकत्र घरटी करतात, त्या जागेला त्यांनी ‘काकागार’ म्हटले. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ म्हटले. असे शब्द मिळाले की आपण रोज पाहतो ते झाडही नव्याने दिसू लागते.

एकदा मी मुलांना घेऊन गावाजवळच्या तळ्यावर गेलो होतो. एक काळापांढरा पक्षी पाण्यावर हवेतच पंख फडफडवत थांबला आणि एकदम दगडासारखा खाली कोसळला. वर आला तेव्हा त्याच्या चोचीत मासा होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारले, “सर, याचं नाव काय?” मी म्हणालो, “उर्दूत किलकिला. मराठीत कवड्या धीवर.” तेवढ्यात पलीकडे जाळे आवरणारा म्हातारा हसून म्हणाला, “अन् मी बी ढिवरच हावो, गुरुजी!” मुलेही हसली. पाण्यावर पोट भरणाऱ्या दोघांना मराठीने एकच नाव दिले आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले. ते आता कोणी विसरणार नाही.

परतताना दुसरा मुलगा हळूच म्हणाला, “पण सर, मराठी आपली भाषा थोडीच आहे?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. मीही घरी उर्दूच बोलत मोठा झालो. मी त्याला सांगितले, “बेटा, चितमपल्लींच्या घरची भाषा तेलुगू होती. तरी २००६ साली सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जो भाषेवर जीव लावतो, तिच्यात भर घालतो, त्याची ती भाषा होते.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने वहीत दोन रकाने आखून आणले होते. एकात उर्दू नाव, दुसऱ्यात मराठी. बगुला, बगळा. फाख्ता, होला. अबाबील, पाकोळी.

विद्यार्थिमित्रांनो, थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांची गोष्टही अशीच आहे. लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी खाणे हलाल आहे की नाही, असा प्रश्न त्यांना पडला. मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. त्या एका प्रश्नातून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

सलीम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला काळ महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. एक उर्दू जाणणारा, एक तेलुगू बोलणारा; पाखरांनी दोघांना एकत्र आणले.

२०२५ मध्येच चितमपल्लींना पद्मश्री मिळाली. पण गुरूची खरी आठवण सन्मानपत्रात नसते. आमच्या बुटीबोरीत आज कारखान्यांचे भोंगे वाजतात. तरी तळ्यावर धीवर अजून येतो. तुम्हीही आपल्या गावच्या तळ्यावर जा. तेथल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, पाखरांची आणि माशांची नावे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. दोन्ही भाषांत.