पावाची दोन नावे

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्रीक मुलाला पाव ही एकच वस्तू दोन नावांनी ओळखावी लागे. आई घरी देई ती ‘प्सोमी’. शाळेच्या पुस्तकात तिचाच ‘आर्तोस’ होई. प्राचीन वैभवाशी नाते सांगणारी घडीव ‘काथारेवुसा’ आणि लोकांच्या तोंडची ‘दिमोतिकी’ यांतील हे अंतर मिटविण्यात मानोलिस त्रियांताफिलिदिस (१८८३–१९५९) यांचे आयुष्य गेले.

म्युनिकला क्रुम्बाखर यांच्याजवळ त्यांनी मध्ययुगीन लोकवाङ्मयातील उसन्या शब्दांचा अभ्यास केला. बोली म्हणजे अभिजात भाषेचा बिघाड नव्हे, तिलाही स्वतःचा इतिहास आणि नियम असतात, ही दृष्टी या अभ्यासात अनुस्यूत होती. १९१० मध्ये स्थापन झालेल्या ‘शैक्षणिक मंडळा’त देलमुझोस व ग्लिनोस हे त्यांचे सहकारी होते. १९१७ मध्ये व्हेनिझेलोस यांच्या राजवटीत या तिघांच्या हाती प्राथमिक शिक्षणाची सूत्रे आली आणि दिमोतिकीतील वाचनमाला वर्गात पोहोचली. १९२० च्या निवडणुकीत ती राजवट गेली. नव्या सरकारने नेमलेल्या समितीने ही पुस्तके जाळून टाकावीत अशी शिफारस केली. मुलांची बोली छापणे हा राष्ट्रद्रोह ठरावा, याहून भाषेच्या सामर्थ्याची साक्ष ती कोणती?

त्रियांताफिलिदिस यांनी उत्तर दिले ते व्याकरणाने. ज्या भाषेला व्याकरणच नाही असे विरोधक म्हणत, तिचे सविस्तर व्याकरण १९४१ मध्ये, जर्मन आक्रमणाच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. ते सिद्ध करणारी समिती मात्र हुकूमशहा मेताक्सास यांनी नेमलेली होती. लोकभाषेच्या उपासकाला लोकशाहीच्या मारेकऱ्याचा आश्रय घ्यावा लागला, हा त्या चरित्रातील बोचरा विरोधाभास होय. शिवाय नियम बांधताना अनेक प्रादेशिक रूपांतून एकाची निवड करणे भाग असते. म्हणजे बोलीचा कैवार घेणाराच नव्या प्रमाणाचा कर्ता होतो. हे मोल चुकविल्यावाचून बोलीला शाळेचे दार उघडत नाही, असेच म्हणावे लागते.

१९६७ मध्ये लष्करी राजवट आली आणि काथारेवुसा पुन्हा लादली गेली. अखेर १९७६ च्या कायद्याने दिमोतिकी शिक्षणाची भाषा झाली, तीही त्यांच्याच व्याकरणाच्या आधारे. ते पाहण्यास ते हयात नव्हते. अथेन्समधील पाववाल्यांच्या पाट्यांवर ‘आर्तोस’पासून घडलेला शब्द आजही दिसतो, आत शिरलेले गिऱ्हाईक मात्र ‘प्सोमी’च मागते.